कडी, कोयंडा, गुलमेख : जुन्या वास्तुसामानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुना वाडा दुरुस्तीला काढला की सगळ्यांचे लक्ष आधी लाकडाकडे जाते. तुळई किती कुजली, खांबाच्या बुडाला वाळवी कुठवर चढली, कडीपाट उतरवायचा की जागच्या जागी राखायचा, यावर घरमालक, सुतार आणि वास्तुविशारद तासन्‌तास बोलतात. मग दगड, विटा आणि चुन्याची पाळी. दाराच्या कडीचा विषय निघतो तो शेवटी, रंगाच्या डब्यांबरोबर, आणि तोवर पैसेही संपत आलेले असतात. कोणीतरी पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन तयार बिजागऱ्या, टॉवर बोल्ट आणि स्क्रूची पाकिटे घेऊन येते. पेशवाईतल्या सागवानी कवाडावर जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत पट्टी बसते, आणि तिला जागा करताना मूळ कोयंड्याची भोके लांबी भरून बुजवली जातात. त्या भोकांबरोबर दाराचा निम्मा इतिहास बुजतो.

ती भोके वाचता यावीत, त्यांत पूर्वी काय बसत होते ते ओळखता यावे आणि तसे सामान पुन्हा मिळवता किंवा घडवता यावे, यासाठी हा अभ्यास आहे. या वाटेने येणारे लोक नाना प्रकारचे असतात. कोणी वास्तुसंवर्धनाचा विद्यार्थी, कोणी आजोळचा वाडा सावरू पाहणारा घरमालक, कोणी संग्रहालयात काम करणारा, कोणी ऐतिहासिक चित्रपटाचा नेपथ्यकार, तर कोणी वडिलांचा भाता अजून चालू ठेवलेला लोहार. या सर्वांना या विषयात सारखेच स्थान आहे. शेवटच्या माणसाला तर मी पहिला पाट देईन, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम या सामानाची ओळख करून घेऊ. जुन्या वाड्याच्या मुख्य दाराला पुष्कळदा बिजागरी नसतेच. कवाडाच्या कडेच्या जाड फळीचा गोल खुंट वर आणि खाली पुढे आलेला असतो. खालचा खुंट उंबऱ्याजवळच्या दगडी किंवा लाकडी खोबणीत आणि वरचा चौकटीतल्या खोबणीत फिरतो. कवाडाचे सारे वजन त्या खालच्या खुंटावर पडते. म्हणून त्याला लोखंडी टोपी किंवा कडे चढवलेले असते, आणि दार करकरायला लागले की तिथेच तेल सोडतात. आतून आगळ किंवा अडसर. तो भिंतीतल्या भोकात सरकतो आणि दार लावताना बाहेर ओढला जातो. बाहेरून कडी आणि कोयंडा, कधी साखळी. मोठ्या दरवाजात माणसापुरती दिंडी, तिला वेगळी कडी. कवाडाच्या दर्शनी फळ्या मागच्या आडव्या पट्ट्यांना जखडणाऱ्या मोठ्या डोक्याच्या गुलमेखा, त्यांच्या डोक्याखाली लोखंडी किंवा पितळी फूल. आत गेल्यावर झोपाळ्याच्या पितळी कड्या, हंड्या टांगायचे आकडे, भिंतीतल्या खुंट्या, विहिरीवरचा रहाट, कोठीच्या पेटाऱ्यांची कुलपे. एका मध्यम वाड्यातले असे सामान मोजू लागलो तर नगांची संख्या सहज शेकड्यांत जाते.

या सगळ्यात गुलमेख मला सर्वांत बोलकी वाटते. ती नुसती ठोकलेली नसते. पुढून मारलेली मेख मागच्या पट्टीतून आरपार बाहेर येते, तिचे टोक वळवून पुन्हा लाकडात बसवतात, आणि मग ती ओढूनही निघत नाही. यासाठी लोखंड मऊ लागते. कडक लोखंड वळवताना तुटते. म्हणजे गुलमेखेच्या पाठीचा एक बाक पाहून, ती घडवणाऱ्याने कोणत्या प्रतीचे लोखंड वापरले याची कल्पना येते. फक्त पुढची बाजू पाहून, छायाचित्रावरून अशी गुलमेख करायला सांगितली तर मिळते ती डोके तेवढे सारखे असलेली, मागे नट आवळलेली वस्तू. दार काही वर्षे चांगले दिसते. पुढे पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, नट सैल पडतात आणि फळ्या खुळखुळू लागतात.

पुण्याच्या शनिवारवाड्याकडे या नजरेने एकदा पाहावे. १७३० च्या जानेवारीत त्याचे काम सुरू झाले, १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले. उरले ते जोते, तट, बुरूज आणि दरवाजे. दिल्ली दरवाजाच्या कवाडांवरचे अणकुचीदार खिळे पाहायला लोक जातात ते हत्तीच्या धडकेची गोष्ट ऐकून. अभ्यासकाने जावे ते खिळ्यांमधले अंतर, त्यांच्या बुडाची घडण, पट्ट्यांचे जोड आणि दिंडीची कडी पाहायला. ज्या वास्तूचे लाकूड गेले तिथे लोखंडच साक्षीदार म्हणून उभे राहते, आणि त्या साक्षीदाराला काय विचारायचे ते आपल्याला माहीत असावे लागते.

म्हणून पहिला नियम असा की बाजारात जाण्याआधी दारासमोर बसावे. तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी लवकर किंवा हातात बॅटरी आडवी धरून, लाकडाचा पृष्ठभाग पाहावा. निघून गेलेल्या कडीने फळीवर चाप काढलेला असतो, कारण कडी लोंबकळताना वर्षानुवर्षे एकाच वर्तुळखंडात घासते. त्या चापाची त्रिज्या म्हणजे कडीची लांबी. कोयंड्याच्या दोन भोकांतले अंतर म्हणजे त्याच्या पायांतले अंतर. रंगाचे थर पट्टीच्या कडेशी थांबलेले असतात, तेव्हा पट्टीची बाह्यरेषा रंगातच कोरलेली मिळते. किती थर पट्टीखाली आहेत आणि किती वर, यावरून ती पट्टी मूळची की नंतरची हे ठरते. लोखंडाचा काळपट डाग लाकडात मुरलेला असतो. तो भोकाभोवती गोल असेल तर गोल वायसर होता, चौकोनी असेल तर चौकोनी. हे सारे पारदर्शक कागदावर मूळ मापाने उतरवून घेतले की जे सापडत नाही त्याचे निम्मे रेखाचित्र हाताशी येते. मोजमाप करताना मिलिमीटरवर अडून राहू नये. वाड्याची चौकट गज आणि तसू यांच्या हिशेबाने बसवलेली आहे, आणि चोवीस तसूंचा गजही सगळीकडे एका लांबीचा नव्हता. प्रत्येक वास्तूत आधी तिचा स्वतःचा तसू शोधावा, म्हणजे विचित्र वाटणारी मापे पूर्णांकात येऊ लागतात.

यानंतर काळनिर्णय. इथे खिळे आणि स्क्रू आपल्याला सर्वांत जास्त मदत करतात, म्हणून त्यांच्याकडे जरा सावकाश पाहू.

लोहाराने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो. त्याच्या अंगावर हातोड्याचे पैलू असतात आणि डोके काही ठोक्यांत बसवलेले, म्हणून प्रत्येक डोके थोडे वेगळे. पत्र्यातून यंत्राने कापलेले खिळे अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. ते दोनच बाजूंनी निमुळते असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ट्रेमाँट या कारखान्याची परंपरा १८१९ पासूनची आहे, आणि तिकडच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीला लागणारे कापीव खिळे आजही नवे विकत मिळतात. तिकडे ली नेल्सन यांनी १९६८ मध्ये निव्वळ खिळ्यांवरून घरांचा काळ कसा ओळखावा याची छोटी पुस्तिका लिहिली, आणि साध्या खिळ्याला पुराव्याचा दर्जा मिळाला. आपल्याकडे मराठी मुलखातल्या खिळ्यांची अशी पुस्तिका व्हायला हवी. तारेचा गोल खिळा, ज्याला आपण आज सरसकट खिळा किंवा लहान असेल तर चूक म्हणतो, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांवर स्वस्त झाला आणि त्याने घडीव खिळ्याला बाजूला सारले.

स्क्रूचे तसेच. १८४६ पूर्वीच्या लाकडी कामाच्या स्क्रूला टोक नसे. तो बुडाशी बोथट असे, आधी भोक पाडून मगच त्यात फिरवावा लागे, आणि त्याचे आटे हाताने पाडलेले असले तर कमीजास्त दिसत. अमेरिकेत थॉमस स्लोन यांना टोकदार स्क्रूचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले. १८५४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक येथे नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी अशा टोकदार स्क्रूंचे यंत्रांवर उत्पादन सुरू केले, आणि पुढे तोच माल साम्राज्यभर पसरला. डोक्यावर फुलीसारखी खाच असलेला फिलिप्सचा स्क्रू १९३० च्या दशकातला. म्हणून १८२० साली बांधलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाड्याच्या बिजागरीत टोकदार स्क्रू निघाला, तर बिजागरी किंवा निदान तिचा स्क्रू नंतरचा आहे हे निश्चित झाले. बिजागरीखाली जुन्या खुंटाची खोबण बुजवलेली आहे का, हे लगेच पाहावे.

अक्षरेही उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये आणि हिंदुस्थानात १८८९ मध्ये मालावरील खुणांविषयीचे कायदे झाले. त्यानंतर 'मेड इन इंग्लंड', 'मेड इन जर्मनी' अशी अक्षरे कुलपांवर आणि बिजागऱ्यांवर ठळक दिसू लागतात. अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा धंदा १८९७ मध्ये सुरू केला, म्हणजे त्या नावाचे कुलूप त्याआधीचे असूच शकत नाही. बोल्टचे आटे तपासावेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेले पंचावन्न अंशांचे आटे आपल्याकडे मेट्रिक पद्धत येईपर्यंत, म्हणजे १९५६ च्या कायद्यानंतरही काही काळ, सर्वत्र होते. हार्डवेअरच्या दुकानात अजून 'तीन सुताचा बोल्ट' मागितला की तीन अष्टमांश इंचाचा मिळतो. हे सूत माप शिकून घ्यावे. जुन्या कारागिराशी बोलताना ते फार कामाला येते.

मात्र एक सावधगिरी. लोखंड महाग होते. लोहार जुने खिळे सरळ करून पुन्हा वापरत, पडक्या दाराच्या पट्ट्या नव्या दाराला चढत. म्हणूनच वाड्याचा सांगाडा खिळ्यांवर उभा नसतो. खांब, तुळई आणि छताच्या कड्या यांचे सांधे लाकडातच कापलेले आणि लाकडी मेखांनी जखडलेले असतात. तेव्हा एकट्या खिळ्यावरून वाड्याचे वय सांगू नये. खिळ्यावरून त्या जागी झालेल्या कामाची जास्तीत जास्त प्राचीन मर्यादा कळते, एवढेच.

आता लोखंडाविषयी. वाड्यांच्या काळातले लोखंड घडीव होते. भट्टीतून निघालेल्या गोळ्याला घणाखाली वारंवार ठोकून त्यातली मळी बाहेर काढत. काही मळी बारीक धाग्यांच्या रूपाने आतच राही. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, धावड मंडळी जांभ्यातून असे लोखंड गाळत. मध्य भारतात आगरिया जमातीच्या भट्ट्यांचे सविस्तर वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये केले. कोळशासाठी लागणारे जंगल राखीव झाले, विलायती सळई बंदरांत स्वस्त मिळू लागली, आणि या भट्ट्या विझत गेल्या. १९१२ मध्ये जमशेदपूरला पोलाद ओतले गेले तोवर घडीव लोखंडाचा काळ सरत आला होता. ब्रिटनमधला बोल्टन येथील कारखाना १९७० च्या दशकात बंद पडला आणि तिथेही ते नव्याने तयार होणे थांबले. आज बाजारात मिळते ते नरम पोलाद, म्हणजे माइल्ड स्टील.

घडीव लोखंड ओळखायची सोपी रीत आहे. निरुपयोगी तुकडा अर्ध्यापर्यंत कापावा आणि वाकवून मोडावा. तो उसाच्या चिपाडासारखा धाग्याधाग्यांनी फाटतो. पोलाद तसे फाटत नाही, त्याचा मोड दाणेदार दिसतो. घडीव लोखंड भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवून दोन तुकड्यांचा जोड मारता येतो, कारण आतली मळीच जोडाला मदत करते. पोलादाचा असा जोड अवघड. म्हणून जुन्या कडीचा जोड पाहिला की त्यात सांधा शोधावा लागतो, तर नव्या कडीवर वेल्डिंगच्या लाटा दिसतात. जुने लोखंड गंजतच नाही, हा मात्र गैरसमज आहे. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ टिकला तो त्यातल्या फॉस्फरसच्या जास्त प्रमाणामुळे तयार झालेल्या संरक्षक थरामुळे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा कसून अभ्यास केला आहे. आपल्या वाड्याच्या कडीला ते भाग्य लाभलेले असेलच असे नाही.

मग घडीव लोखंड आणायचे कुठून? बैलगाडीच्या जुन्या धावा, पडलेल्या गोदामांचे गज, मोडक्या रहाटाचे दांडे यांतून ते अजून निघते, आणि संरक्षित वास्तूच्या महत्त्वाच्या जागी ते वापरावे असे मी म्हणेन. इतर ठिकाणी नरम पोलाद चालते, पण ते हाताने घडवलेले असावे. कारण डोळ्याला आणि हाताला जाणवतो तो घडणीतला फरक. यंत्राने कापलेल्या पट्टीची कड सर्वत्र सारखी राहते. घणाखालून निघालेल्या पट्टीची जाडी मध्ये भरते आणि कडेला उतरते.

मुंबईचा प्रश्न वेगळा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, राज्य आले. वॉटसन हॉटेलचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन १८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत उभारला गेला. १८७२ मध्ये उघडलेल्या आणि आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाचे अंतरंग बीडाच्या खांबांनी आणि कठड्यांनी सजलेले आहे. त्याच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. चाळींच्या आणि बंगल्यांच्या गॅलऱ्यांचे बीडाचे कठडे, जिन्याचे खांब, पाण्याच्या नळ्यांची तोंडे हे सारे क्रमांक दिलेल्या नमुन्यांतून मागवले जाई. ग्लासगोच्या मॅकफार्लेनच्या सॅरेसन फाउंड्रीची सचित्र सूचीपुस्तके यासाठी प्रसिद्ध आहेत. १८९१ मध्ये मुंबईत दुकान उघडणाऱ्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सच्या जाडजूड सूचीतही कुलपांपासून बिजागऱ्यांपर्यंत सगळे असे. अशा वास्तूत अभ्यासकाचे काम काहीसे सोपे होते, कारण नमुन्याचा क्रमांक सापडला की आकार छापील मिळतो. त्यापुढच्या आर्ट डेको काळातल्या पितळी मुठी, खिडक्यांचे स्टे आणि बेकेलाइटची बटणे हा स्वतंत्र विषय आहे. इथे त्याची नोंद करून पुढे जातो.

गोव्यात गेलात तर जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे लाकडी पट्ट्यांत अडकवलेले दिसतील. खिडकी दुरुस्त करायची तर शिंपले, पट्ट्या आणि बारीक चुका यांचा एकत्र विचार करावा लागतो. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात शेतीची आणि घरकामाची हजारो अवजारे आहेत. कारागीर काय वापरत होता हे समजायला तिथे एक दिवस द्यावा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. १९६२ मध्ये राज्याला दिलेल्या या संग्रहात सुमारे वीस हजार वस्तू आहेत, आणि दिवे, अडकित्ते, पेटारे, कोरीव दारे यांमधून पितळेच्या आणि लोखंडाच्या घडणीचे जे नमुने तिथे एकाच छताखाली दिसतात, ते अन्यत्र गावोगाव फिरून जमवावे लागतील.

कागदपत्रांत पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर सर्वांत मोठे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले, पण इमारतखर्चाचा बारकावा हवा असेल तर मोडी शिकण्याला पर्याय नाही. लोहारसुतारांची मजुरी, मालाच्या किमती, कोणत्या दरवाजाला काय लागले, अशा नोंदी त्या बंदांत भेटतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात सुताराच्या आणि लोहाराच्या शेकडो वस्तूंची नावे अर्थासह आहेत. कोणत्या गावात लोहाराचे बलुते काय होते, हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाड्या'तून समजते.

बाजार हा शेवटचा मार्ग. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार आहे, आणि तमिळनाडूत कारैकुडीला चेट्टिनाडच्या हवेल्यांचे सामान विकणारी दुकाने आहेत. अशा ठिकाणी नजर तयार होते, म्हणून अवश्य जावे. पण खरेदीबाबत माझे मत कडक आहे. जुने सामान येते ते बहुधा कुठल्यातरी पाडलेल्या वाड्यातून. दारातून उपटलेली कडी टोपलीत पडली की ती कुठल्या गावची, कुठल्या दाराची, कोणत्या बाजूची हे कायमचे नाहीसे होते. आपण ती विकत घेऊन आपल्या वाड्याला लावली तर दोन वास्तूंची कागदपत्रे एकदम खोटी झाली. शिवाय आपल्या मागणीमुळे तिसऱ्या वाड्याची दारे लवकर निघतात. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराशी आधीच बोलून, दार उतरण्याआधी त्याची छायाचित्रे आणि मापे घेऊन, मूळ जागेच्या नोंदीसह सामान घेता आले तर गोष्ट वेगळी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही, हेही परदेशस्थ मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. आजोळच्या वाड्याची कडी आठवण म्हणून सोबत न्यावीशी वाटते, ती भावना मी समजू शकतो. तिची हुबेहूब प्रत करून न्यावी.

आता सुरुवातीला लोहाराला देऊ केलेल्या त्या पहिल्या पाटाविषयी. ज्याला आपण जुन्या सामानाचा शोध म्हणतो, तो माझ्या मते मुख्यतः ते सामान घडवू शकणाऱ्या माणसाचा शोध आहे. गावोगाव फिरून भाता लावणारे घिसाडी, बाजारपेठेच्या गावातले लोहार, पितळ ओतणारे ओतारी, पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले ओतकामवाले, हे सारे अजून आपल्यात आहेत. बैलगाडीच्या चाकावर लाल तापलेली धाव चढवून पाणी मारून आवळणाऱ्या लोहाराला, लोखंड तापल्यावर किती वाढते आणि निवल्यावर किती आक्रसते हे पुस्तकातून सांगावे लागत नाही. त्याला हवे असते नीट रेखाचित्र, मूळ नमुना हातात धरायची मुभा, आणि घाई न करणारे गिऱ्हाईक. त्याला मोबदला नगावर ठरवू नये. पहिली कडी करायला पूर्ण दिवस लागतो आणि दहावी तासाभरात होते. नगाचा भाव ठरवला तर पहिल्याच कडीत तो हरतो आणि आपण वेल्डिंगवर येऊन थांबतो.

ओतीव सामानात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. मूळ वस्तूवरूनच साचा घेतला तर नवी वस्तू लहान येते. धातू निवताना आक्रसतो. बीड फुटामागे साधारण एक सूत आणि पितळ दीड सूत. लहान मुठीला हे चालून जाते, पण कठड्याचा लांब भाग जुन्या भागाशी जुळत नाही. म्हणून मूळ वस्तूवरून मोठ्या मापाचा लाकडी नमुना करून घ्यावा. नकलेची नक्कल कधीच करू नये. पितळाचा रंगही पाहावा. जस्ताचे प्रमाण वाढले की पिवळेपणा वाढतो, आणि आज लेथवर सहज कापले जावे म्हणून केलेले पितळ जुन्या ओताऱ्याच्या पितळापेक्षा वेगळे दिसते.

जे मूळ सामान जागेवर आहे ते उतरवू नये, आणि उतरवावेच लागले तर घासून चमकवू नये. आम्लात बुडवणे, वाळूचा मारा करणे, गॅसच्या ज्योतीने रंग जाळणे, या तिन्ही गोष्टींनी पृष्ठभागावरचा पुरावा जातो, आणि जुन्या रंगात शिसे असल्याने जाळणाऱ्याच्या प्रकृतीला धोका होतो तो वेगळाच. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड तर भट्टीत घालूच नये. त्याचा धूर विषारी असतो. गंज मऊ ब्रशने सुटा करून टॅनिनचे द्रावण लावले की काळा, घट्ट थर तयार होतो. आपल्या हिरड्यात जे टॅनिन विपुल असते, त्याच जातीचे हे रसायन आहे. वर मेण किंवा जवसाचे तेल. किनारपट्टीवर एवढ्याने भागत नाही, कारण खाऱ्या हवेतले क्षार लोखंडाच्या आत शिरलेले असतात आणि मेणाखालीही ते काम चालू ठेवतात. तिथे आधी क्षार काढून टाकण्याची प्रक्रिया लागते आणि ती प्रयोगशाळेच्या सल्ल्यानेच करावी.

नवे सामान जुन्याशी किती मिळतेजुळते असावे, यावर जगभर वाद झाले आहेत. वास्तुसंवर्धनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने सांगितले की गमावलेल्या भागाच्या जागी बसवलेले नवे काम एकूण रूपाशी जुळावे, तरी मुळापासून वेगळे ओळखता यावे. १९९४ च्या नारा येथील दस्तऐवजाने अस्सलपणाचा अर्थ प्रत्येक संस्कृतीत वेगळा असू शकतो हे मान्य केले. इंटॅक या भारतीय वारसा-संवर्धन संस्थेच्या २००४ च्या सनदेने जिवंत कारागिरीला वारशाचेच स्थान दिले. आपल्या विषयापुरता यांचा मेळ घालणे अवघड नाही. लोहाराने जुन्या रीतीने घडवलेली कडी दाराला लावावी, तिला मुद्दाम डागाळून जुनी करू नये, आणि तिच्या मागच्या बाजूला, जिथे ती फळीला टेकते तिथे, घडवल्याचे वर्ष छिन्नीने ठोकावे. कारागिराची खूणही त्याच्याकडूनच मारून घ्यावी. उतरवलेला प्रत्येक खिळा, मग तो कितीही वाकडा असो, दाराचे नाव, बाजू आणि उंबऱ्यापासूनची उंची लिहिलेल्या पाकिटात घालून वाड्याच्याच एखाद्या फडताळात ठेवावा, आणि त्या पाकिटांची यादी रेखाचित्रांसह जिल्ह्याच्या संग्रहालयाला द्यावी.